‘रांधता येईना, ओली लाकडे’: स्वयंपाकावरच्या विनोदी म्हणी आल्या कोठून?

महालकर:

मंडळी, नमस्कार.

जूनच्या अखेरीस आमच्याकडे महालातल्या घरी एक छोटे कार्य झाले. पंगत सव्वाशे पानांची होती आणि बेत अगदी नागपुरी, म्हणजे वडाभात, पाटवडीचा रस्सा, कढी आणि गोडाला पुरणपोळी असा ठरला होता. मागच्या अंगणात पत्र्याखाली भट्टी मांडली होती. दोन दिवस पावसाची झड लागलेली असल्यामुळे भट्टी काही केल्या पेट घेईना, सगळे घर धुराने भरले, भात मधोमध कच्चा राहिला आणि वडे तेलात सोडल्यावर फुगून वर येण्याऐवजी तळाशी बसून तेल पीत राहिले. आचारी म्हणाला, “लाकडं ओली हायेत, त्याले मी काय करू?” त्यावर ओसरीत पान जुळवीत बसलेले आमचे काका “नाचता येईना, अंगण वाकडे” एवढेच म्हणाले, आणि आतून आत्याने ते लगेच पुरे केले, “रांधता येईना, ओली लाकडे.” सगळे हसले, आचारी तेवढा हसला नाही.

माझ्या मुलीला या म्हणीचे पहिले अर्धे ठाऊक होते, दुसरे तिने त्या दिवशी प्रथमच ऐकले. ती नववीत आहे आणि तिला प्रश्न फार पडतात. म्हण आधी नाचणारीवर होती आणि स्वयंपाक मागून आला, की उलटे झाले, असे तिने विचारले. मला उत्तर देता आले नाही. योगायोग असा, की त्याच आठवड्यात मोबाइलवर एक संदेश फिरत आला. त्यात म्हटले होते, की ही म्हण आपल्या नागपुरातच, भोसल्यांच्या मुदपाकखान्यात जन्मली. पावसाळ्यात राजाचे जेवण बिघडले, आचाऱ्याने ओल्या लाकडांवर खापर फोडले आणि राणीसाहेबांनी भर पंगतीत हे चरण उच्चारले. शेवटी ‘मुदाने, म्हणजे आनंदाने केलेला पाक तो मुदपाक’ अशी फोडही दिली होती. वाचायला गोड वाटते, पण इतके गोड असले की मला शंका येते.

माझे प्रश्न दोन आहेत. अशा म्हणींच्या जन्मकथा खऱ्या की रचलेल्या, हे आपल्यासारख्या साध्या वाचकाने कसे ओळखावे? आणि दुसरे असे, की मी घरात आठवतील तेवढ्या खाण्यापिण्याच्या म्हणी कागदावर उतरवल्या, तर चाळीसच्या वर भरल्या, पण ‘आचारी’ हा शब्द त्यांतल्या एकाही म्हणीत सापडला नाही. एक ‘आचारभ्रष्टी, सदा कष्टी’ सापडली, तीही आचारावरची निघाली, आचाऱ्यावरची नव्हे. इंग्रजीत आचाऱ्यांची टिंगल करणारी वचने पुष्कळ आहेत असे ऐकतो. मग आपल्याकडे पगारी स्वयंपाक्याला सगळ्यांनी मोकळे का सोडले?

धंतोलीकर:

महालकर, तो संदेश माझ्याकडेही दोनदा आला होता आणि दोन्ही वेळा राणीसाहेब वेगळ्या होत्या. आपल्या पहिल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर तिथेच मिळते. मी मराठी शिकवण्यात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहिते. कंटाळा आल्यास क्षमा असावी.

प्रथम ‘मुदपाक’. या शब्दाचा आनंदाशी काही संबंध नाही. अरबीत स्वयंपाकघराला ‘मत्बख’ म्हणतात. तो शब्द फारसी दरबारी भाषेतून आपल्याकडे आला, त्याचा ‘मुदबख’ झाला, आणि ‘पाक’ हा शब्द घरचाच असल्यामुळे मराठी जिभेने शेवटच्या ‘बख’चा ‘पाक’ करून टाकला. परका शब्द ओळखीच्या शब्दासारखा करून घेण्याची ही सवय सगळ्याच भाषांना असते. ज्याने संदेश रचला त्याने या बदललेल्या रूपावरून मागे जाऊन संस्कृत अर्थ बसवला. एका ओळीत ज्याचा हात असा घसरतो, त्याच्या बाकीच्या कथेवर किती विसंबायचे ते ठरवणे कठीण नाही.

दुसरी खूण म्हणजे राजा. चटपटीत वाक्य दिसले की लोक त्याला एखादा दरबार शोधून देतात. उत्तरेत ते बिरबलाच्या तोंडी जाते, दक्षिणेत तेनाली रामाच्या, आणि नागपुरात सांगणारा असला की रघुजीराजांच्या घरात. ‘पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली’ या कोड्याचे ‘फिरवले नाही म्हणून’ हे उत्तर मी चार वेगवेगळ्या चतुर माणसांच्या नावावर ऐकले आहे, आणि त्या चौघांपैकी एकानेही तव्यावरची भाकरी कधी उलटली असेल असे मला वाटत नाही. भाकरी ज्या घरात रोज करपते, तिथेच असे कोडे सुचते. म्हण आधी असते, गोष्ट तिला मागाहून चिकटते.

आता ओल्या लाकडांकडे येते. आपल्या शेजारच्या हिंदीत ‘नाच न जाने, आँगन टेढ़ा’ एवढीच म्हण आहे; तिथे लाकडे नाहीत. मराठीत ती आहेत, कारण मराठीत ‘वाकडे’ या शब्दाशी ‘लाकडे’ हा शब्द यमकाने सहज जुळतो आणि हिंदीच्या ‘टेढ़ा’शी तो जुळत नाही. माझ्या मते आपल्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर या यमकात आहे. नाचणारीची म्हण दोन्ही भाषांत आहे, म्हणजे ती अधिक पसरलेली आणि बहुधा अधिक जुनी. स्वयंपाकाचा चरण मराठीने स्वतःच्या ओवीच्या चालीवर, जात्यावर किंवा चुलीपुढे जोडला. तो जोडणारी बाई असावी असे मला फार वाटते, कारण ओल्या लाकडांचा बहाणा खरा केव्हा आणि खोटा केव्हा, हे फुंकणीने फुंकून डोळे लाल झालेल्या माणसालाच कळते. चूल गेली, गॅस आला, आणि चरणाचे हे दुसरे अर्धे शहरात मिटत गेले. अंगणही खरे तर गेले, पण शाळेच्या पुस्तकाने ते टिकवून धरले.

कोशांविषयी एक सूचना करते. मोल्सवर्थचा कोश प्रथम १८३१ मध्ये आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ मध्ये निघाली, मॅनवारिंगचा मराठी म्हणींचा संग्रह १८९९ चा आहे, आणि दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश १९४२ ते १९४७ या काळात दोन खंडांत आला. यांपैकी एखाद्यात म्हण मिळाली तर त्या वर्षी ती लोकांच्या तोंडी होती एवढेच सिद्ध होते. तिचे जन्मवर्ष त्यावरून निघत नाही. तरीही कोणी ‘ही म्हण अमक्याने परवा काढली’ असे सांगू लागला, तर त्याला गप्प करायला तेवढे पुरते.

आणि अशा जन्मकथांना आपल्याकडे नाव तरी किती चपखल आहे पाहा. लोणी कढवून नुकतेच काढलेले तूप ते लोणकढे, आणि तशीच ताजी, रवाळ, वासाला छान असलेली थाप ती लोणकढी थाप. आपला संदेश त्या जातीचा आहे.

इतवारीकर:

मॅडमचे लिहिणे वाचून आनंद झाला. माझा धंदा धान्याचा आहे, भाषेचा नव्हे, पण म्हणीतला माल ओळखण्यापुरते ज्ञान दुकानात बसून मिळते. महालकरांना मी वेगळी पद्धत सुचवतो. म्हणीत जो जिन्नस आहे, तो बाजारात केव्हा आला आणि कोणत्या अवस्थेत आला ते पाहावे.

‘बाजारात तुरी, भट भटणीला मारी’ ही म्हण घ्या. सगळे जण अर्थ सांगतात, की वस्तू हाती नसताना तिच्यावरून भांडण. तो बरोबरच आहे, पण खरी गंमत ‘तुरी’ या शब्दात आहे. म्हणीत डाळ नाही, तूर आहे. तूर खरिपात पेरतात आणि ती शेतात सहा महिने उभी असते. आपल्या कळमन्याच्या बाजारात नवी तूर संक्रांतीच्या मागेपुढे दिसू लागते. बाजारातून घरी आणल्यावरही ती लगेच शिजत नाही. ती भिजवायची, तेलाचा हात लावायचा, उन्हात वाळवायची, मग जात्यावर भरडायची, सालपट पाखडून काढायचे, तेव्हा कुठे डाळ हाती येते. म्हणजे त्या जोडप्याचा वरण घट्ट की पातळ हा वाद, डाळ चुलीवर चढण्याच्या कित्येक दिवस आधी सुरू झाला आहे. आजचा मुलगा तुरीची डाळ पाकिटातच पाहतो, त्यामुळे त्याला विनोदाचा निम्मा भाग कळतच नाही. ज्याने ही म्हण केली त्याच्या घरी जाते होते, हे मी शपथेवर सांगेन.

जिनसावरून काळ कसा निघतो, त्याचे सोपे उदाहरण मिरचीचे. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगिजांबरोबर ती १६ व्या शतकात आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि आपल्या मिरीच्या नावावरून तिला नाव मिळाले. ज्ञानेश्वरी १२९० ची. त्या काळच्या मराठी घरात तिखट म्हणजे मिरी, सुंठ, पिंपळी. तेव्हा ‘नाकाला मिरच्या झोंबणे’ हा वाक्प्रचार कोणी यादवांच्या दरबारात नेऊन बसवला तर त्याला खुशाल हसावे. ‘सुंठीवाचून खोकला गेला’ ही म्हण मात्र त्या दरबारात बसली तर माझी हरकत नाही. आपल्या भागात भिवापूरच्या मिरचीची फोडणी बसली की समोरच्या घरातला माणूसही शिंकतो. तेव्हा पहिल्यांदा मिरचीची फोडणी देणाऱ्या घरावर शेजाऱ्यांनी काय काय म्हणी केल्या असतील, याचा विचार करून मला हसू येते.

ही पद्धत नेहमी चालतेच असे नाही, तेही सांगतो. ‘चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला’ यात हिशेब नेमका रुपयाचा आहे. सोळा आणे पुरे. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, म्हणून म्हण त्याआधीची असे कोणी म्हणेल. पण आमच्या गल्ल्यावर पंचवीस पैशांना ‘चार आणे’ आणि पाऊण रुपयाला ‘बारा आणे’ म्हणणे पुढे कित्येक वर्षे चालूच होते. पंचवीस पैशांचे नाणे तर ३० जून २०११ रोजी चलनातून गेले. नाणे मेले तरी त्याचे नाव बाजारात फिरत राहते. तेव्हा आण्यावरून म्हणीचे वय काढणाऱ्याने सावध असावे.

आणखी एक गोष्ट नागपूरकराला सहज दिसते, कारण हे शहर १९५६ पर्यंत हिंदी-मराठी अशा दुभाषी प्रांताची राजधानी होते आणि आमच्या गल्लीत आजही एकाच सौद्यात दोन्ही भाषा चालतात. आपण म्हणतो, ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’. दान देताना वस्तूवर तुळशीचे पान ठेवून आपला हक्क सोडायचा असतो. इथे माणूस दुसऱ्याच्या मिठाईवर पान ठेवून पुण्य स्वतःच्या खात्यात लिहितो. हिंदीत हाच विनोद ‘हलवाई की दुकान और दादाजी का फ़ातिहा’ असा होतो. हलवाई तोच, फुकटे पुण्यही तेच, विधी तेवढा ज्याच्या त्याच्या घरचा. आता याची जन्मकथा कोणत्या राजाच्या घरी नेऊन ठेवणार?

शितपरीक्षक:

आपल्या दुसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातलेला नाही, म्हणून लिहितो.

आपण नोंदवलेले निरीक्षण मला बरोबर वाटते. मराठी म्हणींत स्वयंपाक आहे, पण पगारी स्वयंपाकी जवळजवळ नाही. जी टिंगल आहे ती तीन ठिकाणी वाटली गेली आहे. घरात रांधणाऱ्या बाईवर थोडी, खाणाऱ्यावर पुष्कळ, आणि वाढणाऱ्यावर व कोठी सांभाळणाऱ्यावर उरलेली. खाणाऱ्याची थट्टा तर संस्कृतापासून चालत आलेली आहे. ‘परान्नं प्राप्य दुर्बुद्धे मा शरीरे दयां कुरु । परान्नं दुर्लभं लोके शरीराणि पुनः पुनः ॥’ हे सुभाषित ज्याने रचले, त्याने दुसऱ्याच्या घरच्या पंगतीत बसून कंबरेची गाठ सैल करणारा माणूस फार जवळून पाहिला असणार. शरीर पुन्हा मिळेल, परान्न मिळणार नाही, तेव्हा शरीरावर दया करू नकोस, असा उपदेश तो गंभीर चेहऱ्याने करतो. उष्ट्या हाताने कावळा न हाकणारा कंजूस हाही याच पंगतीतला. हात झटकला तर बोटाला चिकटलेले शीत कावळ्याला मिळेल, ही त्याची चिंता.

कोठी सांभाळणाऱ्यावर ‘खर्चणाऱ्याचे खर्चते आणि कोठावळ्याचे पोट दुखते’ ही म्हण आहे. ती मोठ्या वाड्यातच सुचू शकते, कारण लहान घरात खर्चणारा आणि कोठावळा एकच असतो. त्या वाड्यात आचारीही असणारच. मग त्याच्यावर म्हण का नाही?

माझे उत्तर शब्दांत दडलेले आहे. ‘स्वयंपाक’ म्हणजे स्वतःचे स्वतः शिजवणे. स्वयंपाकी तो, जो दुसऱ्याच्या हातचे खात नाही, स्वतःपुरते रांधून घेतो. सोवळ्याओवळ्याच्या जुन्या जगात हे व्रतासारखे होते. पुढे शब्दाचा अर्थ इतका पसरला, की जो चारशे माणसांसाठी शिजवतो आणि स्वतः सगळ्यांत शेवटी, उरले तर जेवतो, त्यालाच आपण ‘स्वयंपाकी’ म्हणू लागलो. याहून मोठा विनोद म्हणीत काय सापडणार? ‘आचारी’ शब्दही तसाच आहे. आचार पाळणारा, म्हणजे ज्याच्या हातचे सर्वांना चालते, तो आचारी. त्याची निवड चवीवरून होत नव्हती, आचारावरून होत होती. आणि ज्याला पवित्रपणासाठी नेमले, त्याच्या मिठाच्या अंदाजावर उघड म्हण करणे जरा अवघड होते. आळणी आमटी मुकाट्याने खाल्ली जात असावी.

इंग्रजांकडे स्थिती वेगळी होती. तिथल्या मोठ्या घरांत स्वयंपाकी हा नुसता नोकर होता, आणि नोकराची थट्टा मालकाला परवडते. अँड्र्यू बोर्ड नावाच्या वैद्याने १५४२ मध्ये आहारावर पुस्तक लिहिले. त्यात तो, देव माणसाला चांगले अन्न धाडील, पण ते बिघडवायला सैतान वाईट आचारी धाडील, हे वचन लोकांत रूढ असलेले म्हणूनच देतो. म्हणजे १५४२ मध्येच ते जुने झालेले होते. पुढे नट डेव्हिड गॅरिक याने कवी गोल्डस्मिथची खोडी काढताना तीच ओळ वापरली, आणि आज कित्येक लोक तिचे पितृत्व गॅरिकला देऊन मोकळे होतात. धंतोलीकर बाईंचा राणीसाहेबांचा सिद्धांत इंग्लंडातही लागू पडतो. एक बारकावा असा, की या वचनातला ‘मीट’ हा शब्द तेव्हा कोणत्याही अन्नाला चालत असे. आज त्याचे ‘देव मांस धाडतो’ असे भाषांतर केलेले दिसते ते चुकीचे आहे. पुष्कळ आचाऱ्यांनी रस्सा बिघडतो, हे त्यांचे दुसरे वचनही १५७५ च्या सुमारास लिहिलेले मिळते. आपल्याकडे तोच अर्थ ‘बारभाईची खेती, काय लागेल हाती’ यात आला. इथेही आचारी सुटला आणि शेतकरी सापडला.

भुकेच्या बाबतीत मात्र दोन्हीकडची माणसे एकाच ठिकाणी पोहोचली. भूक हेच अन्नाचे तोंडीलावणे, असे सॉक्रेटिस म्हणत असे हे सिसेरोने लिहून ठेवले आहे. आपली ‘भुकेला कोंडा, निजेला धोंडा’ त्याहून रोखठोक आहे, कारण तिच्यात तोंडीलावण्याचेही नाव नाही.

जाता जाता, माझ्या टोपणनावाविषयी. ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही म्हण आपण घरगुती समजतो, पण तिचा विचार पतंजलीच्या महाभाष्यात आहे; हंडीतल्या सगळ्या भाताची कल्पना येण्यास एक शीत पुरते, असे तो व्याकरणाच्या चर्चेत सांगतो. त्यावरून पुढे ‘स्थालीपुलाकन्याय’ हे नाव पडले. दोन हजार वर्षांपूर्वीचा वैयाकरणही स्वयंपाकघरात डोकावून शीत चिमटीत दाबून पाहत होता, याचे मला नेहमी कौतुक वाटते. उलट काही म्हणी प्रवासात पदार्थ बदलतात. हितोपदेशात पायसाने, म्हणजे खिरीने, तोंड भाजलेले मूल दहीही फुंकून खाते. आपल्याकडे येईपर्यंत खिरीचे दूध झाले आणि दह्याचे ताक.

सराटा:

सर्वांना नमस्कार. मी पाचपावलीत राहतो आणि पंगतींचा स्वयंपाक करतो. वडीलही हेच करीत. (पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगतो, सराटा म्हणजे तुमचे उलथणे.) इथे आचाऱ्यावर एवढे लिहिले गेले आहे, तर एका आचाऱ्याची बाजूही नोंदली जावी.

शितपरीक्षक सरांचे म्हणणे ऐकून बरे वाटले, पण आमच्यावर म्हण नाही याचे कारण मला याहून साधे दिसते. पंगतीत बसलेल्या माणसाला आचारी दिसतच नाही. तो मागे धुरात असतो. पाहुण्याला दिसतो तो वाढपी. तूप कोणाच्या पानात धार धरून पडले आणि कोणाच्या पानात नुसता चमचा हलला, हे सगळे वाढप्याच्या हातात. म्हणून ‘पंक्तिप्रपंच’ हा शब्द वाढण्यावरून पडला, शिजवण्यावरून पडला नाही. आणि वाढणारा आपला असला की पंगतीच्या टोकाला बसले तरी चालते, असे लोक म्हणतात. शिजवणारा आपला असून काही उपयोग नाही, हे त्यांना पक्के माहीत असते.

‘वड्याचे तेल वांग्यावर’ ही म्हण कोणी लिहिली नाही याचे आश्चर्य वाटले. मी तिचा अर्थ भट्टीपुढे उभा राहून लावतो. तेल पुरते तापले आहे की नाही हे पाहायला आम्ही पिठाचा बारीक गोळा सोडतो. तो लगेच वर आला तर तेल तयार. तळाशी बसून राहिला तर थांबायचे. घाई करून वडे सोडले, तर ते तेल पितात. मग दोन डब्यांच्या अंदाजाने आणलेले तेल वड्यांतच संपत येते, आणि वांग्याच्या भाजीला हात आखडता घ्यावा लागतो. भाजी कोरडी झाली म्हणून लोक वांग्याला नावे ठेवतात, चूक मात्र वड्याच्या वेळची असते. ही म्हण आमच्यापैकीच कोणीतरी केली आहे असे मी मानतो.

तसेच ‘मनात मांडे खाणे’. माझी आई अजून लांब पोळ्या करते, ज्यांना काही घरी मांडेच म्हणतात. कणीक पाण्याने इतकी सैल करावी लागते आणि इतकी आपटावी लागते, की ती हातावर घेतल्यावर स्वतःच्या वजनाने खाली ओघळत लांबते; मग ती दोन्ही हातांवर खेळवत कोपरापर्यंत पसरवायची आणि उपड्या मडक्यावर टाकायची. मडके खालून लाकडाच्या आगीवर तापलेले असते. पोळी फाटली तर सगळी मेहनत आगीत. मांड्यांचा उल्लेख १२ व्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या मानसोल्लासातही ‘मंडक’ म्हणून आहे, हे मला एका गिऱ्हाइकाने दाखवले होते. स्वप्नात खायचे तर भाकरी कोण खाईल? जे रोज होत नाही, ज्याला मडके, आग आणि आईसारखा हात लागतो, तेच माणूस मनात खातो. तुकोबांनी ‘बोलाचीच कढी, बोलाचाच भात’ म्हटले त्यात पदार्थ साधे आहेत, कारण तिथे पोट भरत नाही हे सांगायचे होते.

आता महालकर भाऊंना एक सांगतो, राग मानू नये. ओल्या लाकडांचा बहाणा नेहमी बहाणाच असतो असे नाही. ओल्या लाकडाची बरीच धग त्याचेच पाणी आटवण्यात जाते. टोकांतून फेस येतो, सूं सूं आवाज होतो, धूर डोळ्यांत जातो आणि जाळ एकसारखा लागत नाही. मोठ्या गंजातला भात कडेने शिजतो आणि मधोमध कच्चा राहतो. तुम्ही वर्णन केलेला भात आणि तुम्ही वर्णन केलेले वडे मी अनेक पावसाळ्यांत पाहिले आहेत. वाईट आचाऱ्याचा भात असा होत नाही. त्याचा तळाला लागतो आणि वरून गच्च होतो. आमच्याकडे पावसाळ्यात कार्य ठरले, की लाकूड पंधरा दिवस आधी आणून छपरीत उभे रचून ठेवतात. भाऊ, तुमच्याकडे लाकूड केव्हा आले होते आणि कोणी आणले होते?

महालकर:

सर्वांचे मनापासून आभार. धंतोलीकर बाईंचे ‘वाकडे’ आणि ‘लाकडे’ हे यमक मुलीला फार आवडले. तिने ते वहीत लिहून घेतले आणि लगेच ‘फाकडे’ व ‘माकडे’ घेऊन स्वतःचे तिसरे चरण रचले, जे इथे देण्यासारखे नाही. मुदपाकाची खरी व्युत्पत्ती मी संदेश पाठवणाऱ्या मेव्हण्यांना कळवली. त्यांनी उत्तरादाखल हात जोडल्याचे चित्र पाठवले आणि दुसऱ्या दिवशी पुरणपोळीच्या जन्माची नवी कथा धाडली. तीत पेशवे आहेत.

इतवारीकर, आपल्या दुकानातून अख्खी तूर मिळाली तर हवी आहे. घरी आजीचे जाते आहे, ते माळ्यावरून उतरवले आहे.

सराटा भाऊ, लाकूड कार्याच्या आदल्या संध्याकाळी, भर पावसात, टालावरून उघड्या ऑटोत आले होते. आणणारा मीच होतो.

सराटा:

मग त्या आचाऱ्याला काकांचा नंबर देऊ नका, तुमचाच द्या.